दुसरा डायनामो

आमच्या घरात स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत होती. तिच्या एका अंगाला आईची चूल, दह्याचं गाडगं आणि चटणीची बरणी. दुसऱ्या अंगाला लाकडी फळीवर ओळीनं मांडलेल्या बॅटऱ्या. त्या दिवसभर चार्जिंगला लावलेल्या असायच्या आणि त्यांच्यातून बारीक बुडबुड्यांचा आवाज यायचा. कान देऊन ऐकलं तर भात शिजत असल्यासारखं वाटायचं. त्या वासानं आपलं दही नीट लागत नाही, असं आईचं ठाम मत होतं. "तुमच्या त्या आंबट पाण्यानं माझं दूध आधीच घाबरतंय," असं ती म्हणायची. ॲसिडची भोकं पडली नाहीत असं एकही धोतर, लुगडं किंवा वाकळ आमच्या घरात नव्हती. कॉलेजात जाताना मी पातळ अशा बेतानं नेसायची, की भोकं निरीत जावीत. बरोबरीच्या मुली शिक्षकांच्या नाहीतर वकिलांच्या घरातल्या होत्या. त्यांच्या पातळांना भोकं नव्हती.

आबा, म्हणजे माझे वडील, संस्थानच्या मोटारखान्यात मिस्त्री होते. संस्थान विलीन झालं, मोटारखान्यातल्या गाड्या एकेक करून गेल्या आणि आबांनी शाहूपुरीत पत्र्याची शेड घालून स्वतःचं काम सुरू केलं. ते बोलायचे कमी आणि ऐकायचे जास्त. कुणी गाडी घेऊन आलं की बॉनेट उघडायच्या आधी ते पायरीवर बसून दोन मिनिटं इंजिन ऐकत. मग उठून म्हणत, "तिसरा सिलिंडर झोपलाय." तो खरंच झोपलेला असायचा. माझा भाऊ दत्ता, ज्याला मी दादा म्हणायची, तो याच्या अगदी उलटा. सतत बोलणारा, हसणारा, शिळी भाकरी तिखट खर्ड्याबरोबर उभ्या उभ्याच खाणारा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मॅट्रिकनंतर मला पुढं शिकवायचं की नाही, यावर घरात आठ दिवस गप्पपणा होता. नवव्या दिवशी दादानं आबांसमोर ताट सारलं आणि म्हणाला, "बायडी शास्त्र शिकणार. न्हाय तर मी जेवत न्हाय." तो मला बायडी म्हणायचा. माझं शालन हे नाव त्यानं कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

लढाई संपल्यावर मिलिटरीच्या गाड्यांचे लिलाव व्हायचे. अशाच एका लिलावातून दादानं एक भलीमोठी गाडी आणली. तिच्या पाठीवर लोखंडी दांड्याची क्रेन होती, आणि इंजिनाच्या जोरावर फिरणारा तारेच्या दोराचा ड्रम. रस्त्यात मोडलेली, खड्ड्यात गेलेली गाडी तिनं ओढून आणायची. गावात तशी गाडी दुसऱ्या कुणाकडं नव्हती. रेल्वे फाटकापाशी अडकलेली बस असो की पंचगंगेच्या पुलावरची उसाची ट्रक, बोलावणं आमच्याकडं यायचं. दादाला तेवढ्यावर समाधान नव्हतं. कोकणात गूळ घेऊन जाणाऱ्या ट्रका गगनबावड्याच्या घाटात वरचेवर अडकायच्या आणि दोन-दोन दिवस तिथंच पडून राहायच्या. दादाला त्या घाटातली कामं घ्यायची होती. त्यासाठी त्यानं क्रेनच्या दांड्यावर एक मोठा दिवा बसवला, मागं एक जादा लाल दिवा लावला आणि मग प्रश्न निघाला तो डायनामोचा.

आज माझ्या नातवाच्या गाडीत दिवे, पंखे, गाणी, नकाशे सगळं एकाच वेळी चालतं आणि वीज पुरेल का, असा विचार त्याच्या मनातही येत नाही. तेव्हा तसं नव्हतं. ती गाडी सहा व्होल्टची. इंजिनाच्या पट्ट्यावर एक डायनामो फिरायचा, तो बॅटरी भरायचा, आणि दिवे, हॉर्न, इंजिनातली ठिणगी हे सगळं त्या दोघांवर चालायचं. दादाचं म्हणणं होतं की दिवे वाढले, म्हणून दुसरा एक डायनामो जोडायला हवा. इस्माईलचाचा त्याच्या बाजूचे होते. चाचा आमच्या शेडच्या कोपऱ्यात बसून बॅटरी-डायनामोची कामं करत. त्यांना सही करण्यापुरतं लिहिता-वाचता यायचं, पण तांब्याच्या तारेला हात लावून ते तिचा रोग सांगत. आबा मात्र नको म्हणत होते. इंजिनापुढं नवी पट्टी ठोकायची, चेसिसला भोकं पाडायची, दुसरा पट्टा चढवायचा. चांगल्या इंजिनाला अशा डागण्या कशाला द्यायच्या, असं ते म्हणत. महिनाभर बापलेकांचं हेच चाललं होतं. जेवताना, हात धुताना, पाटावरून उठताना.

एका रविवारी दुपारी तांबड्या रश्श्याचं जेवण झालं होतं. दादा पुन्हा त्याच विषयावर आला. चाचाही त्या दिवशी आमच्यातच जेवायला होते. आबांनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आपल्यात भांडण कशाला? पोरगी शास्त्र शिकतीया. तीच सांगंल की, पुरतंय का न्हाय ते."

मला त्या क्षणी काय वाटलं ते आज सांगताना लाज वाटते. मला आनंद झाला. गॅरेजच्या कामात आबांनी मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी वही आणली. एकेका दिव्याचा आकडा दादाला विचारून लिहिला. पुढचे दोन मोठे दिवे मिळून बारा ॲम्पियर, क्रेनवरचा दिवा सहा, लहान दिवे दोन, ठिणगीला तीन. एकूण तेवीस. डायनामोवरच्या पत्र्यावर पंचवीस असं कोरलेलं होतं. मी दोनदा बेरीज केली, खाली रेघ ओढली आणि म्हणाले, "पुरतंय. वर दोन शिल्लक राहतात."

चाचांनी पान तोंडात धरून मान हलवली. "पोरी, तो आकडा पळत्या गाडीचा हाय. उभ्या गाडीचा..."

"चाचा, तिथं स्पष्ट पंचवीस लिहिलंय," मी त्यांना मध्येच तोडलं.

"तिनं पुस्तकात बघून सांगितलंय," आबा म्हणाले. "आता आणि काय पायजे?"

चाचा गप्प बसले. मी त्यांना काहीच विचारलं नाही. पळत्या गाडीचा म्हणजे काय, उभ्या गाडीचा किती, एवढे दोन प्रश्न विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण ज्याला धड वाचता येत नाही त्याला मी काय विचारायचं, हे माझ्या मनात होतं. तसं शब्दांत नव्हतं, पण होतं. दादानं माझी वही हातात घेतली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि हसला. "बायडी म्हणतीया पुरतंय, म्हंजे पुरतंय. संपला विषय." आणि तो विषय खरोखरच संपला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं दुसऱ्या डायनामोचं नाव काढलं नाही.

आषाढात एक दिवस सकाळी गारगोटीकडच्या एका ट्रकवाल्यानं आपल्या क्लीनरला एसटीनं आमच्याकडं पाठवलं. त्याची गुळाची ट्रक घाटातल्या एका वळणावर गटारात गेली होती. दादा तेव्हा नुकताच अंघोळ करून आला होता. आईनं त्याला भाकरी आणि झुणका फडक्यात बांधून दिला. आबा म्हणाले, "पाऊस उघडू दे, उद्या जा." दादा म्हणाला, "गूळ भिजून पाणी हुईल की आबा, उद्यापतोर." मी अंगणात वेणी घालत होते. गाडी फाटकातून बाहेर पडताना त्यानं मला उद्देशून दोनदा हॉर्न वाजवला आणि मी वर बघितलं नाही, कारण माझ्या तोंडात रिबीन होती आणि कॉलेजला उशीर झाला होता.

संध्याकाळी दिवेलागणीला एसटीची एक गाडी थेट आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. दादाला त्यांनी मागच्या बाकावर निजवून आणलं होतं. वाटेत, कळे गावाच्या अलीकडंच तो गेला होता. त्यापुढच्या चार-पाच दिवसांचं मला सलग काही आठवत नाही. भिंतीपलीकडचा बुडबुड्यांचा आवाज बंद झाला होता, कारण चाचांनी सगळ्या बॅटऱ्या सोडवून ठेवल्या होत्या. आईला त्या शांततेत झोप येत नसे. ती उठून भिंतीला कान लावून बसायची.

दहाव्याला तो गारगोटीचा ट्रकवाला आला. बापू त्याचं नाव. चाळिशीचा, रापलेला, अंगापिंडानं मोठा माणूस; पण तो उंबऱ्याच्या आत यायला तयार होईना. आबा म्हणाले, "पावणं, आत या. तुमचा काय गुन्हा हाय?" तेव्हा तो दारातच जमिनीवर बसला आणि काय झालं ते त्यानं सांगितलं. मी त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते.

"दुपारी बाराला आला बघा तुमचा पोरगा. धुकं असं, की माझा हात मला दिसंना. त्यो म्हणाला, आधी गूळ उतरा, मग वडतो. म्हणून आम्ही ढेपा उतराय लागलो. त्यानं गाडीचं समदं दिवं लावून ठेवलं, म्होरचं, मागचं, वरचा त्यो मोठा. इंजान बारीक आवाजात चालू ठेवलं. म्हणाला, वरनं येणाऱ्याला दिसाय पायजे. तीन तास लागलं आम्हाला. लई चांगला उजेड हुता वो सुरवातीला. मग त्यो पिवळा झाला. मग लाल. मग काजव्यागत झाला. इंजानानं दोन आचकं दिलं आन् बंद पडलं. त्यानं हँडल मारून मारून बघितलं, घेईना. मग म्हणाला, बापू, थांबा, मी वरच्या वळणावर दगडं मांडून येतो. त्यो दगडं घेऊन वर चालला आणि वरनं ट्रक आली ती त्याच्या अंगावरच. त्या ड्रायव्हरला तरी काय दिसणार हुतं? त्याचा बी दोष न्हाय. पोराच्या दोन्ही हातात दगडं हुती. म्हणून त्याला टेकू घ्यायला बी हात मोकळा न्हवता."

तांब्या माझ्या हातात होता आणि तो मी बापूला दिला का, हे मला आजही आठवत नाही. उजेड पिवळा झाला, लाल झाला, काजव्यागत झाला. इंजिन बारीक आवाजात तीन तास चाललं होतं. चाचांचं त्या रविवारचं अर्धवट वाक्य तेव्हा कुठं माझ्या डोक्यात पुरं झालं. इंजिन पळत असतं तेव्हा डायनामो पंचवीस ॲम्पियर देतो. इंजिन उभ्या गाडीत सावकाश फिरतं तेव्हा तो काही देत नाही. तेवीसच्या तेवीस बॅटरीतून जात होते. मी वहीत जी बेरीज केली होती ती बरोबर होती, आणि जो प्रश्न होता त्याला तिचा काही उपयोग नव्हता.

मी कुणाला काही बोलले नाही. कॉलेज सोडलं. आईला वाटलं, दुःखानं सोडलं. ती म्हणायची, "जा की गं पोरी, त्यानंच तुला घातलं हुतं न्हवं?" ते ऐकलं की मी परसात जाऊन बसायची. चाचा रोज येत, कोपऱ्यात बसून काम करत, चहा घेत आणि जात. त्यांनी त्या रविवारचा विषय माझ्याजवळ कधीच काढला नाही. मला वाटायचं, त्यांनी एकदा तरी बोलावं, ओरडावं. पण ते जाताना फक्त म्हणत, "येतो पोरी." मला ते सहन व्हायचं नाही.

दिवाळी झाली, कुणी दिवा लावला नाही. त्यानंतर एका सकाळी आबा शेडमध्ये एकटेच बसले होते. ती गाडी आत उभी होती. घाटातून ओढून आणल्यावर तिला कुणी हात लावला नव्हता. मी चहा घेऊन गेले आणि कप खाली ठेवायच्या आतच बोलून गेले.

"आबा, माझ्यामुळं झालं. माझं गणित चुकलं होतं. चाचा सांगत होते, मी ऐकलं नाही."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग गाडीकडं. मला वाटलं, आता ते मला घराबाहेर जायला सांगतील.

"तुझं गणित," ते म्हणाले. "पोरी, तीस वर्सं मी इंजान ऐकतोय. हळू इंजानाला डायनामो काय देत न्हाय, ह्ये मला ठाऊक न्हवतं व्हय?"

मला आधी त्याचा अर्थच कळला नाही.

"मला ठाऊक हुतं," ते पुन्हा म्हणाले. "त्यानं घाटात जाऊ ने, असं मला वाटत हुतं. दुसरा डायनामो न्हाय म्हटल्यावर त्यो जाणार न्हाय, गावातल्या गावात करंल, असं वाटलं. दुसरा डायनामो बसवला की त्यो कायमचा घाटात गेला असता. मी न्हाय म्हणून थकलो. माझं त्यो ऐकत न्हवता. पत्र्यावरचा आकडा बघून तू पुरतंय म्हणणार आन् तुझं त्यो ऐकणार, ह्ये मला म्हाईत हुतं. म्हणून तुला इचारलं."

ते उठले आणि गाडीच्या पुढच्या चाकापाशी जाऊन उभे राहिले. माझ्याकडं त्यांची पाठ होती. "तू पुरतंय म्हणालीस. मला वाटलं, बरं झालं, दुसरा डायनामो टळला. आन् त्यो तर पुरतंय म्हणून निघूनच गेला. तुझ्या बेरजेवर इस्वास ठेवून गेला त्यो. आन् मी गप बसलो. तवा बोलायला पायजे हुतं मी. त्या सकाळी फाटकात तरी बोलायला पायजे हुतं."

आबांना रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही बघितलं नाही. फक्त त्यांची पाठ हलत होती. मी जवळ गेले. काय करावं मला कळेना. शेवटी मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरून उभी राहिले, लहानपणी जत्रेत धरायची तशी. त्यांच्यावर रागवावं असं मला वाटलं का? वाटलं. नंतर कितीतरी वर्षं मधूनच वाटायचं. त्यांनी मला माझ्या भावाविरुद्ध वापरलं होतं, आणि मी आपण शहाण्या आहोत म्हणून आनंदानं वापरली गेले होते. पण त्या सकाळी तेवढा राग करायला आमच्या दोघांतही बळ नव्हतं. आम्ही एकाच ओझ्याची दोन टोकं धरून होतो, आणि ते दोघांनाही त्या दिवशी कळलं.

त्याच आठवड्यात मी चाचांपाशी जाऊन बसले. म्हटलं, "चाचा, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होता ते मला सांगा." त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. गाडीला भरलेली बॅटरी जोडली, मध्ये वीज मोजणारा ॲमीटर लावला, इंजिन सुरू केलं आणि मला काट्यासमोर उभं केलं. "बघ," म्हणाले. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, काटा उजवीकडं गेला. पाय काढला, इंजिन मंदावलं आणि काटा डावीकडं घसरला तो तिथंच थांबला. मग त्यांनी सगळे दिवे लावले. काटा आणखी डावीकडं गेला, अगदी कडेपर्यंत. मी त्याच्याकडं बघत उभी राहिले. चाचांनी इंजिन बंद केलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताला ॲसिडचा वास होता. "पोरी," ते म्हणाले, "मी बी हट्टानं सांगाय पायजे हुतं. गप बसलो. म्हटलं, शिकल्या पोरीम्होरं आपण काय बोलायचं."

दुसरा डायनामो आम्ही तिघांनी मिळून बसवला. आबांनी पट्टी ठोकली, चेसिसला भोकं पाडली. त्याची पुली चाचांनी लहान निवडली, म्हणजे इंजिन हळू असतानाही डायनामो जोरात फिरावा. मी काटा वाचून आकडे लिहायची. या वेळी इंजिन मंद ठेवून, सगळे दिवे लावून, घड्याळ समोर ठेवून आम्ही तीन तास तसंच बसलो. दिवसाउजेडी ते दिवे जळत होते आणि शेजारचे लोक फाटकातून डोकावून जात होते. तीन तासांनी काटा मध्यावर, शून्यावर होता; बॅटरीतून काही जात नव्हतं. कुणालाच आनंद झाला नाही. आबांनी हात पुसले आणि ते आत गेले.

पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा कॉलेजात जाऊ लागले. पुढं मी गारगोटीला मुलींना पदार्थविज्ञान शिकवलं, त्यातच आयुष्य गेलं. वर्गात एखादी मुलगी आकडा सांगून खाली बसली की मी तिला पुन्हा उभी करायची आणि विचारायची, हा आकडा कोणत्या वेळचा? पोरी मला त्यावरून हसायच्या. मी त्यांना कारण कधी सांगितलं नाही. पण हे सगळं पुढचं.

मी पुन्हा कॉलेजात जाऊ लागले त्या पावसाळ्यात घाटातून पहिलं बोलावणं आलं तेव्हा आबांनी आढेवेढे न घेता डोक्याला पटका गुंडाळला. मी त्यांना अडवलं नाही, अडवायचा मला हक्क आहे असंही वाटलं नाही. चाचा त्यांच्याबरोबर निघाले. गाडी सुरू होऊन उभी होती, दिवे लावून बघणं चाललं होतं, तेवढ्यात आई मागच्या दारानं शेडमध्ये आली. इतक्या वर्षांत ती त्या भिंतीच्या पलीकडं कधी आली नव्हती. तिनं गाडीच्या पुढच्या दिव्यासमोर उभं राहून आपला तळहात त्याच्या उजेडात धरला. मग मला म्हणाली, "मी काय शिकलो न्हाय बाई. तू सांग. पुरंल न्हवं?"

शेडमध्ये सगळे माझ्याकडं बघत होते. 'पुरंल' हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. मी म्हणाले, "तीन तास मोजलंय आई. त्याच्यापुढचं मला ठाऊक नाही."

आईनं आबांकडं बघितलं. "ऐकलासा? तीन तास," ती म्हणाली. "त्याच्या आत घरला या."

आबांनी मान हलवली आणि गाडी फाटकातून बाहेर काढली.